कॅसिनोतलं 'अनलिमिटेड' जेवण खरंच फुकट असतं का? चाकणहून गोव्याला निघण्याआधी ताटाचं गणित बघून घ्या

भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण. या पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीत बोनसची चर्चा सुरू झाली की दुसऱ्या चहापर्यंत गोव्याचा विषय निघतोच. मग व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो, कुणीतरी ट्रॅव्हल्सचे दर टाकतो आणि कुणीतरी पणजीतल्या एखाद्या कॅसिनोची जाहिरात टाकतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं : एन्ट्री, चिप्स, अनलिमिटेड बुफे, अनलिमिटेड ड्रिंक्स.

इथून पुढचा युक्तिवाद सगळ्यांना पाठ आहे. "खेळलो नाही तरी चालेल, जेवणातच पैसे वसूल होतात."

खरंच होतात का? हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोच्या प्रवेशावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलाय. त्याच पणजीत, जेटीपासून चालत जाता येईल अशा साध्या हॉटेलात जेवलात तर बिलावर जीएसटी लागतो ५ टक्के. म्हणजे गोव्याला जाऊन कुठं जेवायचं हा आता फक्त चवीचा प्रश्न राहिलेला नाही.

आधी हे समजून घेऊ, कॅसिनोसाठी गोवाच का?

कारण महाराष्ट्रात कॅसिनो नाही. गंमत म्हणजे कायदा होता. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये कॅसिनोचं नियंत्रण आणि कर यासाठी कायदा केला होता, पण तो कधी अंमलातच आणला नाही. कोणीतरी त्या कायद्याचा आधार घेऊन परवानगी मागायला येईल म्हणून अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करायचा निर्णय घेतला आणि विषय संपवला.

गोव्याने नेमका उलटा रस्ता धरला. तिथला सार्वजनिक जुगारबंदीचा कायदासुद्धा १९७६ चाच. पण १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांमध्ये स्लॉट मशीनला वाट दिली गेली आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना. आज पणजीसमोर मांडवी नदीत सहा कॅसिनो जहाजं आहेत. काठावरच्या जेटीवरून छोट्या बोटीने पाहुण्यांना जहाजावर नेतात. खेळायच्या मजल्यावर २१ वर्षांखालच्या कुणालाही सोडत नाहीत.

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंमध्ये जाऊन खेळायला बंदी आहे. म्हणजे हा सगळा धंदा बाहेरून येणाऱ्यांवर चालतो. जहाजावरच्या बुफेत गोव्याची चव कमी आणि पनीर, दाल, नूडल्स, तंदुरी जास्त का दिसते, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथं आहे. तो स्वयंपाक पुणे, बेळगाव, सुरत, दिल्ली अशा सगळ्या ठिकाणच्या पाहुण्यांना एकाच वेळी चालेल असा करावा लागतो.

पॅकेजमध्ये नेमकं काय मिळतं?

साधारण चार गोष्टी. प्रवेश, ठरावीक किमतीच्या चिप्स, बुफे आणि ठरावीक ब्रँडचे ड्रिंक्स. सोबत स्टेजवर गाणी-नाच असतात.

यातल्या चिप्सचा घोळ पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पॅकेजमधल्या चिप्स बहुतेक वेळा 'वन टाइम प्ले' प्रकारच्या असतात. त्या फक्त खेळता येतात, काउंटरवर देऊन त्यांचे पैसे मिळत नाहीत. चिप लावली आणि जिंकलात तर जिंकलेली रक्कम तुमची. पण 'चार हजार भरले, त्यातल्या दोन हजाराच्या चिप्स परत मिळाल्या, म्हणजे जेवण दोन हजारात पडलं' हा हिशोब चुकतो. त्या चिप्स म्हणजे रोख पैसे नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे जमिनीवरचे कॅसिनो, म्हणजे हॉटेल किंवा रिसॉर्टमधले. तिथं जेवण बऱ्याचदा खोलीच्या भाड्याशी जोडलेलं असतं. एजंट विचारतो, सीपी पाहिजे की मॅप? सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. मॅप म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण. तिन्ही वेळचं जेवण धरलं की एपी. ग्रुप दिवसभर समुद्रावर फिरणार आणि रात्री जहाजावर जेवणार असेल, तर मॅप घेणं म्हणजे रात्रीच्या जेवणाचे पैसे दोनदा भरणं. हा घोटाळा अगदी नेहमीचा आहे.

४० टक्के आणि ५ टक्के

आता कराकडे येऊ. साधं रेस्टॉरंट, मग ते एसी असो वा नसो, जेवणावर ५ टक्के जीएसटी घेतं. खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असलेल्या महागड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतात. कॅसिनोच्या प्रवेशावर ४० टक्के. प्रवेश आणि बुफे एकाच रकमेत विकले की जेवणाचं वेगळं ५ टक्क्यांचं बिल होत नाही, सगळं प्रवेशाच्या पोटात जातं.

उदाहरणासाठी गोल आकडे धरू. समजा, पॅकेज करासकट ४,२०० रुपयांचं आहे. यातले ३,००० रुपये मूळ किंमत आणि १,२०० रुपये कर. आठ जणांचा ग्रुप असेल तर एकूण खर्च ३३,६०० रुपये आणि त्यात नुसता कर ९,६०० रुपये. आता समजा, याच आठ जणांनी पणजीत बाहेर बसून माणशी ८०० रुपयांचं भरपेट मासळीचं जेवण केलं. ५ टक्के धरून एकाचे झाले ८४०, आठ जणांचे ६,७२०. म्हणजे कॅसिनोच्या पॅकेजमधल्या फक्त कराच्या पैशात आठही जण बाहेर जेवून वर जवळपास २,९०० रुपये उरतात.

याचा अर्थ पॅकेज ही फसवणूक आहे असा नाही. ४,२०० मधून जेवणाचे ८४० वजा केले तर उरलेले ३,३६० रुपये तुम्ही जहाज, खेळ, ड्रिंक्स आणि कार्यक्रमासाठी देताय. ते तुम्हाला हवं असेल तर खुशाल द्यावेत. फक्त 'जेवणात वसूल होतं' म्हणू नये. ३,३६० रुपयांचं जेवण एका माणसाच्या पोटात मावत नाही.

बोनसच्या कायद्यातला किमान दर ८.३३ टक्के आहे. महिन्याला ७,००० रुपये पगार धरून हिशोब केला तर वर्षाचा बोनस सुमारे ७,००० रुपये होतो. किमान वेतन त्याहून जास्त असेल तर तो आकडा धरतात, आणि मोठ्या कंपन्यांतल्या पर्मनंट कामगारांना करारानुसार बरंच जास्त मिळतं. पण कंत्राटी पोरगा ज्या ग्रुपबरोबर गोव्याला निघतो, त्या ग्रुपमधल्या सगळ्यांचा बोनस सारखा नसतो. वर्गणी मात्र सारखी निघते.

मग कॅसिनोला बुफे परवडतो कसा?

ही आयडिया जुनी आहे. अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये एल रँचो वेगास नावाच्या कॅसिनो हॉटेलने १९४० च्या दशकात रात्री उशिरा एक डॉलरमध्ये हवं तेवढं खा असा बुफे सुरू केला. जेवणातून कमाई करणं हा उद्देश नव्हताच. भूक लागली म्हणून गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाऊ नये, एवढंच होतं. पुढे सगळ्या शहराने तेच केलं.

औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला हे समजायला वेगासला जायची गरज नाही. कंपनीचं कॅन्टीन आठवा. १९४८ च्या कारखाना अधिनियमात २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद होती. कुपनवर स्वस्तात जेवण मिळतं हा कामगाराचा हक्क आहेच, पण त्याचा कंपनीलाही फायदा असतो. जेवायला माणूस गेटबाहेर जात नाही आणि अर्ध्या तासात लाइनवर परत येतो. कॅसिनोचा बुफेही माणसाला गेटच्या आत ठेवतो. फरक एवढाच की कॅन्टीनमधून परतलेला माणूस पगार कमावतो आणि बुफेतून परतलेला माणूस पैसे लावतो.

किती लावतो याचाही अंदाज काढता येतो. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चक्रात ३७ घरं असतात. लाल किंवा काळ्यावर पैसे लावले तर ३७ पैकी १८ वेळा जिंकता. दीर्घकाळात लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. दोन शून्यांच्या चक्रात हा आकडा ५ रुपये २६ पैशांवर जातो. समजा, टेबलवर कमीत कमी ५०० रुपये लावावे लागतात आणि तासाला ४० डाव होतात. म्हणजे तासाभरात २०,००० रुपये टेबलवरून फिरले. एक शून्याच्या चक्रावर त्यातले सरासरी ५४० रुपये गेले. एखाद्या रात्री तुम्ही जिंकालही, पण हॉलमधल्या सगळ्यांची बेरीज केली की हिशोब असाच लागतो.

आता बुफे सुरू व्हायला दीड तास आहे आणि ग्रुप टेबलवर 'टाइमपास' करत थांबलाय असं समजा. या हिशोबाने जेवणाआधीच माणशी सरासरी ८१० रुपये गेले. म्हणजे बाहेरच्या मासळीच्या जेवणाचे पैसे इथंच संपले.

त्यात चिप्सवरचा कर वेगळा. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स विकत घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो, आणि हा दरही आता ४० टक्के आहे. उरलेल्या चिप्स परत केल्या तरी करासाठी धरलेली रक्कम कमी होत नाही. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा खेळलात तर त्यावर नव्याने हा कर लागत नाही, एवढीच सवलत. या कराचा किती बोजा पाहुण्यावर टाकायचा हे कॅसिनो ठरवतो, म्हणून काउंटरवर थेट विचारायचं : दहा हजार दिले तर किती हजारांच्या चिप्स हातात मिळतील?

गुरुवारच्या सुट्टीचा फायदा आणि तोटा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या अनेक कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. गोव्याच्या बाबतीत ही सुट्टी खिशाला बरी पडते, कारण कॅसिनोंचे दर साधारण सोमवार ते गुरुवार कमी आणि शुक्रवार ते रविवार जास्त असतात. हिंजवडीच्या आयटीवाल्याला शनिवारचा दर भरावा लागतो, चाकणवाल्याला नाही.

पण रस्ता लांबचा आहे. निगडी किंवा वाकडहून रात्री बसलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यात पोहोचते. गुरुवारी एकच दिवस सुट्टी असेल तर गुरुवारी रात्रीचा कॅसिनो म्हणजे शुक्रवारची दांडी नक्की. त्यापेक्षा बुधवारची एक रजा टाकून मंगळवारी रात्री निघावं, बुधवारी संध्याकाळी कॅसिनो करावा, गुरुवार फिरण्यात घालवावा आणि रात्री परतीची गाडी धरावी. शुक्रवारी दुसरी किंवा तिसरी शिफ्ट असेल तर अजून बरं. परतीच्या रात्री मात्र बुफे झोडून लगेच गाडीत बसू नये. आंबोली घाटातली वळणं कुणाची भीड ठेवत नाहीत.

तोटा वेगळाच आहे. आपल्याकडे कित्येक घरांत गुरुवारी उपास असतो, निदान मांसाहार तरी नसतो. सुट्टीही गुरुवारी आणि उपासही गुरुवारी. मासे नाहीत, चिकन नाही, दारू नाही, आणि पॅकेजचे पैसे मात्र खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसाएवढेच. श्रावणात तर हा प्रश्न महिनाभर असतो. एकच किंमत सगळ्यांना लावली की कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचं बिल भरतो.

कुणी काय निवडावं?

• सगळे खेळणार, सगळे पिणार असा ग्रुप : रात्रभर जहाजावरच थांबायचं ठरलं असेल तर पॅकेज सोयीचं. बुफे सुरू होताच आधी जेवून घ्यावं, मग खेळावं. गर्दी कमी असते, पदार्थ ताजे असतात आणि उपाशीपोटी, दोन पेग पोटात असताना टेबलवर बसायची वेळ येत नाही.

• निम्मे खेळणारे, निम्मे बघे : इथं वर्गणी सारखी काढू नका. टीटीएमएम करा. बघ्यांनी बाहेर जेवावं, खेळणाऱ्यांनी जहाजावर जावं आणि रात्री सगळ्यांनी मुक्कामी भेटावं. न खेळणाऱ्यासाठी वेगळा दर आहे का, हेही आधी विचारा.

• बायको-मुलांसह जाणारे : मुलं २१ वर्षांखालची असली की खेळाच्या मजल्याचा विषयच संपला. नदीवर फिरायचंच असेल तर गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळच्या क्रूझ निघतात. आधी क्रूझ, मग शहरात जेवण. त्याच मांडवीवर, त्याच दिव्यांच्या उजेडात संध्याकाळ होते आणि खर्च बराच कमी.

• शाकाहारी किंवा उपासवाले : पॅकेज सगळ्यात महाग यांनाच पडतं.

• चवीसाठी जाणारे : यांनी बुफेत वेळ घालवूच नये. मोठ्या भांड्यात तासभर गरम ठेवलेला मासा आणि तव्यावरून थेट ताटात आलेला मासा यातला फरक कोकणी माणसाने सांगायची गरज नाही.

मग बाहेर कुठं?

पणजीत खाण्याची चंगळ आहे. सकाळच्या भाजी-पावासाठी कॅफे भोसले आणि कॅफे टाटो ही जुनी नावं. मासळीच्या थाळीसाठी रिट्झ क्लासिक आणि आनंदाश्रम. फोंतेन्यसच्या जुन्या पोर्तुगीज गल्ल्यांत फिरून तिथंच जेवायचं असेल तर विवा पणजी. यातल्या बऱ्याच ठिकाणी दुपारी रांग असते, म्हणून साडेबाराच्या आत पोहोचलेलं बरं.

जाण्याचा महिनाही बघा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत सुरमई-पापलेटचा आग्रह धरला तर ताज्याऐवजी बर्फातला मासा आणि चढा भाव अशी दोन्ही बाजूंनी मार बसू शकते. त्या दिवसांत खाडीचे मासे, तिसऱ्या, सुकी मासळी किंवा चक्क उसळ-भाजीची थाळी घेतलेली चांगली.

बुकिंगआधी विचारायचे सहा प्रश्न

१. सांगितलेला दर करासह आहे की कर वेगळा?

२. पॅकेजमधल्या चिप्सचे रोख पैसे मिळतात का?

३. बुफे किती ते किती? पुन्हा जेवता येतं का?

४. ड्रिंक्समध्ये कोणते ब्रँड, आणि ते किती वाजेपर्यंत?

५. परतीची बोट कधी कधी सुटते? जेवून लगेच निघता येईल का?

६. एजंटच्या पावतीवर जेवण लिहिलेलं आहे का, की नुसतं तोंडी सांगितलंय?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आणली. प्रत्यक्ष कॅसिनो त्या कायद्यात येत नाहीत. त्यामुळे मोबाइलवरच्या जाहिराती थांबल्या तरी गोव्याच्या पॅकेजच्या जाहिराती तुमच्या ग्रुपवर येतच राहणार. पुढची जाहिरात आली की आकडेमोडीला दोन मिनिटं पुरतात. पॅकेजच्या किमतीतून बाहेरच्या एका चांगल्या जेवणाचे पैसे वजा करा. जी रक्कम उरेल, ती तुम्ही खेळ आणि करमणुकीसाठी देताय. ती रक्कम नुसती खेळायला म्हणून खिशातून काढली असती का, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. आणि ज्याचं उत्तर 'नाही' आहे, त्याला 'चल रे, जेवणात वसूल होतं' म्हणून ओढू नये.